शेवंतीचे न दुखणारे पाय

गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये शेवंती हडकरचं आडनाव माहीत नसलेली माणसं पुष्कळ होती, पण तिचे पाय माहीत नसलेलं कुणी नव्हतं. दिसायला त्या पायांत काही खास नव्हतं. रुंद पंजे, भेगाळलेल्या टाचा, अंगठ्याचं नख एका बाजूला वळलेलं. पण ते पाय थकत नाहीत अशी त्यांची ख्याती होती.

शेवंती मालिकांमध्ये हेअर ड्रेसर. नट्यांचे केस विंचरायचे, गंगावन लावून अंबाडा चढवायचा, मालिकेतल्या सुनेवर जेवढी मोठी आपत्ती येईल तेवढ्या बटा कपाळावर मोकळ्या सोडायच्या, आणि शॉट चालू असताना कॅमेऱ्यामागे उभं राहून एकही केस जागचा हललेला नाही ना ते बघायचं. या धंद्यात खुर्ची असते, पण ती नटीला. ड्रेसर उभी. शेवंती तर जेवायलाही टेकायची नाही. मेकअपच्या टेबलाशी डबा उघडून उभ्या उभ्या चार घास ढकलायची. नव्या मुली म्हणायच्या, "ताई, बसा ना जरा." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "बसते कशाला? एकदाची आडवीच होईन, तेव्हा उठवायला येऊ नका."

हा बाणा वडिलांचा. वडील कणकवलीकडचे, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. त्यांनी निम्मं आयुष्य साच्यासमोर उभं राहून काढलं आणि उरलेलं निम्मं, गिरणी बंद पडल्यावर, गिरणीच्या गेटसमोर उभं राहून. त्या घरात 'पाय दुखतात' म्हणणं म्हणजे कामचुकारपणाची कबुली देणं. शेवंती लग्न होऊन अंधेरी पूर्वेला आली. नवरा चंद्रप्रकाश साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर दिवसभर उभा. म्हणजे उभं राहणाऱ्यांच्या घरातून ती उभं राहणाऱ्यांच्याच घरात आली. तक्रार करायची कुणी आणि कुणाकडे?

पण शेवटी पाय ते पाय. चाळिशी ओलांडली आणि शेवंतीची टाच दुखू लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कुणी खिळा ठोकतंय असं वाटे. भिंत धरत धरत ती मोरीपर्यंत जाई. थोडं चाललं की दुखणं ओसरे, म्हणून ती म्हणे, "गेलं." संध्याकाळी रिक्षात बसून घरी आली आणि उतरायला पाय खाली टाकला की पुन्हा तोच खिळा. हे तिने वर्ष-दोन वर्षं सोसलं, आणि खरोखर सोसलं. कुणाला कळू दिलं नाही, म्हणून कुणी कौतुकही केलं नाही.

मग एकदा सेटवर ती लंगडताना दिसलीच. पाय दुखतात हे कळलं की माणसाला डॉक्टरआधी बाकी सगळे भेटतात. लाइटमनने तापल्या विटेचा शेक सांगितला. मेकअपवाल्या दादांनी रुईचं पान गरम करून बांधायला सांगितलं. एका चरित्र अभिनेत्रीने लोहचुंबक बसवलेले तळवे आणून दिले. प्रॉडक्शन मॅनेजरने बोरिवली स्टेशनबाहेरून काटेरी ठोकळ्यांच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या सपाता आणल्या, कारण त्याच्या सासूला त्यांनी गुण आला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी तेवढी साधी गोष्ट सांगितली होती. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पडदा असतो, तो ताण पडून दुखावलाय. मऊ तळव्याची चप्पल घाला, भिंतीला हात टेकून रोज पोटऱ्या ताणा, वजन जरा उतरवा, आणि एवढं करूनही दीड-दोन महिन्यांत उतार पडला नाही तर पुढे दाखवू. या उपायात ना वीट होती, ना पान, ना लोहचुंबक. शिवाय तो कुणी कानात सांगितलेला नव्हता. म्हणून शेवंतीने तो केला नाही.

ती सपाता घालून फिरू लागली. बहुतेकांची टाच कधी ना कधी शांत होते, तशी वर्षभराने तिचीही झाली. श्रेय सपातांना मिळालं. मग काय, शेवंतीने अख्ख्या युनिटला हिरव्या सपातांची दीक्षा दिली. कुणी लंगडताना दिसला की ती त्याच्या पायाकडे बघून म्हणे, "टाच ना? सपाता घे. माझ्याकडे बघ."

याच सुमारास तिला शुगर निघाली. 'निघाली' हा तिचाच शब्द, माळ्यावर जुनं पातेलं निघावं तसा. गोळ्या सुरू झाल्या आणि आठवतील तेव्हा घेतल्या गेल्या. गोड बंद झालं, म्हणजे चहातली साखर बंद झाली. मालिकेचे भाग शंभर झाले की सेटवर केक कापतात, दोनशे झाले की कापतात, आणि कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. ते केक कामाचा भाग म्हणून चालू राहिले.

मग काही वर्षं रात्री झोपताना पायांना मुंग्या यायच्या, तळवे जळजळायचे. पुढे तेही थांबलं. चालताना पायात कायम मोजे असल्यासारखं मऊ मऊ वाटू लागलं. शेवंतीला वाटलं, एवढी वर्षं उभं राहून पाय मुरले. लोणचं मुरतं तसे.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मुलगी श्रुतिका दारातच थबकली. श्रुतिका अंधेरीतच एका विमा कंपनीच्या कचेरीत होती आणि घरात प्रश्न विचारणारी ती एकटी.

"आई, दुसरी चप्पल कुठेय?"

शेवंतीने खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय धुळीने काळा.

"अगंबाई! पडली वाटतं रिक्षात."

"पडली ते कळलं नाही तुला? रस्त्यावरून चालत आलीस ना?"

"डोक्यात उद्याचा सीन होता गं."

चंद्रप्रकाश आतून हसत आला. त्याचं वर्कशॉप वसईला हललं तेव्हापासून तो घरीच होता आणि स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं. "नशीब, पाय तरी दोनय घेवन इलंस," तो म्हणाला. तिघंही हसले. श्रुतिका मात्र हसून झाल्यावर म्हणाली की एकदा डॉक्टरला दाखवू या.

"काय सांगू डॉक्टरला? पाय दुखत नाहीत म्हणून?"

त्या घरात एवढं कारण पुरेसं होतं. विषय तिथंच मिटला.

मे महिन्यात मालिकेचं युनिट समुद्रकाठच्या मढला गेलं. तिथल्या एका बंगल्याच्या अंगणात देऊळ उभं केलं होतं. कथेतल्या सुनेचा नवरा कोमात गेला होता आणि त्याला शुद्धीवर आणायला ती भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालणार होती. सून म्हणजे स्वरदा, मालिकेची नायिका. डिरेक्टर देवव्रतला सगळं अस्सल हवं होतं, म्हणून त्याने शूटिंगला दुपारच निवडली होती. देऊळ प्लायवूड आणि थर्माकोलचं होतं, पण अंगणातली काळी फरशी खरी होती आणि ऊन तर त्याहून खरं. आत मूर्ती बसवून सकाळी पूजा झालेली, त्यामुळे निर्मात्याचा हुकूम सुटला: फरशीवर कुणीही चपला घालायच्या नाहीत. देऊळ खोटं असलं म्हणून काय झालं, चपला खऱ्याच बाहेर काढायच्या.

स्वरदाच्या तळव्यांना कातडीच्या रंगाचे पातळ सोल चिकटवले होते. शॉट संपला की ती थंडगार व्हॅनिटी व्हॅनमध्ये जाई. कॅमेरामनने पायाखाली ओलं गोणपाट घेतलं होतं. लाइटवाले तव्यावरच्या लाह्यांसारखे उड्या मारत इकडून तिकडे पळत होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध, हातात कंगवा आणि तोंडात पिना धरून, शेवंती शांत उभी होती. पदर सरकला की दोन पावलं पुढे, बट ठीक केली की दोन पावलं मागे.

देवव्रत बघतच राहिला. "यार, ताईंकडे बघा! स्वरदा, मला हा चेहरा हवाय. आतून भाजतंय, पण चेहऱ्यावर काही नाही. झकास!"

स्वरदाने ताईंचा चेहरा नीट बघून घेतला, तसाच केला, आणि शॉट ओके झाला. फरक एवढाच होता की शेवंतीला आतूनही काही भाजत नव्हतं.

पॅक-अपच्या आधी स्वरदाने तिचा एक रील केला. ती उन्हात उभी, मागे देऊळ, आणि वर अक्षरं: 'खरी ताकद'. रिक्षात बसेपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांच्या रांगा लागल्या होत्या. शेवंती वरवर 'काय गं हे' म्हणाली, पण घरी येईपर्यंत तिने तो कितीतरी वेळा पाहिला. आपण अशा दिसतो होय, असं तिला वाटलं. वडील असते तर त्यांना दाखवला असता.

घरी आल्यावर ती पाणी पिऊन पलंगावर टेकली, तर चंद्रप्रकाश फरशीकडे बघत होता.

"पाय पुसूक काय झाला तुका? सगळीकडे ओली पावला."

"पाय धुतलेच कुठे अजून?"

दोघांनीही फरशीकडे पाहिलं. दारापासून पलंगापर्यंत एकेक ओलं पाऊल उमटलं होतं. चंद्रप्रकाशने तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्याच्या पुढच्या भागावर पापडासारखे फोड आले होते. दोन फुटून त्यांतून पाणी येत होतं. करंगळीच्या खालची कातडी सोलवटलेली. दुसरा तळवा नुसता लाल झाला होता.

"ह्या काय गो?"

"फरशी तापली होती. लागलं असेल कुठेतरी."

"दुखता?"

"नाय."

"मग बरा," चंद्रप्रकाश म्हणाला, आणि दोघांनाही हायसं वाटलं.

त्याने खोबरेल तेलात हळद कालवून लावली, जुन्या ओढणीची पट्टी बांधली, वर मोजा चढवला. शेवंती दुसऱ्या दिवशी कामावर हजर. श्रुतिका त्या आठवड्यात कचेरीच्या कामाला नागपूरला होती. फोनवर तिला कळवण्यासारखं दुखणं असं काही नव्हतंच.

पाच-सहा दिवसांनी सेटवर खरा आकांत झाला. उंच टाचेचे सँडल घालून जिन्यावरून धावत येताना स्वरदाचा घोटा मुरगळला. ती किंचाळली, काम थांबलं, बर्फ आला, निर्मात्याचा फोन आला, देवव्रत डोक्याला हात लावून म्हणाला, "वाट लागली." गाडी काढून तिला अंधेरीच्या एका पायांच्या क्लिनिकमध्ये न्यायचं ठरलं. स्वरदाने शेवंतीचा हात घट्ट धरला होता आणि डोक्यावर किलोभराचा अंबाडा तसाच होता, म्हणून शेवंतीही गाडीत बसली. नुसत्या पायांचाही डॉक्टर असतो, हे तिला क्लिनिकची पाटी वाचून कळलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव शुभा वागळे. साधारण शेवंतीच्याच वयाच्या, केस आखूड, बोलणं तुटक. त्यांनी स्वरदाच्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं बोटाने दाबून पाहिली. मग पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड, मग आतल्या बाजूचं. "इथे दुखतं? आणि इथे? आता उठून चार पावलं चाला बरं." स्वरदा कण्हत कण्हत चालली.

"हाडाला काही नाही, नुसता लिगामेंट ताणलाय," डॉक्टर म्हणाल्या. "हाड दाबल्यावर कळ आली असती, किंवा चार पावलंही टाकता आली नसती, तर एक्स-रे काढला असता. पट्टा बांधा, बर्फ लावा, पाय उंचावर ठेवा. आठवड्यात सूज उतरायला लागली नाही किंवा भार देता येईनासा झाला तर परत या."

"एवढंच?" स्वरदा जरा हिरमुसली. "पण खूप दुखतंय हो."

"दुखतंय ते चांगलंच आहे. पाय शहाणा आहे तुमचा."

मग डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. खोलीत एक वास होता. त्यांनी आधी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या शेवंतीकडे, मग तिच्या पायांकडे. एका मोज्याची पुढची बाजू ओली आणि पिवळट दिसत होती.

"ताई, पायाला काय झालंय तुमच्या?"

"माझ्या? काही नाही. थोडे फोड आले होते. दुखत वगैरे नाही."

"बसा."

"नको, मी उभीच बरी."

"बसा," डॉक्टर पुन्हा म्हणाल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच शेवंती नटीच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

मोजा निघाला तेव्हा स्वरदाने तोंड फिरवलं. पाऊल घोट्यापर्यंत लाल आणि गरम झालं होतं, करंगळी काळपट पडली होती. डॉक्टरांनी भराभर विचारलं. शुगर आहे? किती वर्षं? ताप? काल अंगात कणकण होती, एक गोळी घेतली, शेवंती म्हणाली. पाय कशाने भाजला? तिने मढची फरशी सांगितली. किती वेळ उभ्या होता? पॅक-अप होईपर्यंत. सगळे कौतुक करत होते, हेही तिने सांगितलं.

डॉक्टरांनी खणातून एक काडी काढली. तिच्या टोकाला मासे धरायच्या गळाला असतो तसा कडक पारदर्शक दोरा होता. "डोळे मिटा. मी या दोऱ्याने पायाला स्पर्श करीन. कळलं की 'हो' म्हणा."

शेवंतीने डोळे मिटले. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. स्वरदाचा फोन कुठेतरी थरथरत होता. बराच वेळ गेला.

"लावा ना डॉक्टर," ती म्हणाली.

"लावून झालं, ताई. दोन्ही पायांना."

शेवंतीने डोळे उघडले. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसल्या होत्या आणि त्यांचा आवाज आता मघापेक्षा मऊ झाला होता. शुगरने पायाच्या नसा निकामी होत जातात, त्या सांगत होत्या. आधी मुंग्या येतात, आग होते, मग काहीच होत नाही, आणि माणसाला वाटतं बरं झालं. "दुखणं म्हणजे इमारतीचा वॉचमन असतो. कटकट करतो, झोप मोडतो, पण चोर आला की बोंब मारतो. तुमचा वॉचमन कधीच नोकरी सोडून गेलाय. आणि तुम्ही म्हणताय, किती छान शांतता आहे."

शेवंतीला आधी भीती वाटलीच नाही. वाटला तो अपमान. ज्या सहनशक्तीला एवढ्या लोकांनी हात जोडले ती सहनशक्ती नव्हतीच. सोसायला काही पोचतच नव्हतं. टाचेतला खिळा घेऊन ती वर्ष-दोन वर्षं हसत उभी राहिली होती, तेव्हा कुणी वळून पाहिलं नव्हतं. मेलेल्या नसांचं मात्र देवव्रतने भर अंगणात उदाहरण दिलं.

"आजच्या आज हॉस्पिटल," डॉक्टर चिठ्ठी लिहीत म्हणाल्या.

"उद्या नाही चालणार? उद्या सेटवर लग्न आहे. मोठा अंबाडा आहे, दुसऱ्या कुणाला जमायचा नाही."

"लग्न मालिकेतलं ना? ते पुढच्या महिन्यातही लागेल. हा पाय पुढच्या महिन्यात असेल की नाही ते मात्र आज ठरणार आहे."

आता भीती आली. स्वरदाने आपल्या अंबाड्यातल्या पिना स्वतःच उपसायला सुरुवात केली. गंगावन काढून पर्समध्ये कोंबलं आणि म्हणाली, "ताई, गाडी तुम्ही घ्या. मी रिक्षाने जाते." एवढं म्हणून ती लंगडत बाहेर गेली. या गोष्टीचा रील तिने केला नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवंतीच्या पायाची मेलेली कातडी काढली, आणि दोन दिवस वाट पाहून करंगळीही काढावी लागली. श्रुतिका नागपूरहून मिळेल त्या विमानाने आली. आल्या आल्या ती आईवर ओरडणार होती, पण वॉर्डबाहेरच्या बाकावर बाप दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेला दिसला.

"मी म्हटलंय गो 'मग बरा'," चंद्रप्रकाश तिला म्हणाला. "दुखना नाय म्हणाली, तर मी म्हटलंय 'मग बरा'."

श्रुतिका त्याच्या शेजारी बसली. ओरडायचं राहून गेलं.

पुढचे अडीच-तीन महिने शेवंती घरात पाय उशीवर ठेवून बसली. चालायचं ते मोरीपर्यंत, तेही पुढच्या भागावर भार न पडणारा अवजड बूट घालून. मालिका तिच्यावाचून अडली नाही. लग्न लागलं, अंबाडा दुसऱ्या एका मुलीने घातला आणि तो कलला तरी प्रेक्षकांतल्या कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवंतीच्या मात्र आलं. प्रदक्षिणेचा भाग गाजला, कोमातला नवरा उठून बसला. तिच्या रीलखाली 'या माउलीला दंडवत' असं लोक अजून लिहीत होते आणि माउली पलंगावर पडून ते वाचत होती. शेवटी तिने स्वरदाला फोन करून सांगितलं, "तेवढं ते काढून टाक गं. मला लाज वाटते." स्वरदाने काढला.

डॉक्टर वागळ्यांचे नियम साधे होते आणि म्हणूनच जाचक. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, पिन काही नाही ना बघायचं. पाणी गरम आहे का ते पायाने नव्हे, कोपराने तपासायचं. काटेरी सपाता बंद. गोळी रोज. आणि रोज संध्याकाळी तळवे बघायचे. तळवा वाकून दिसेना, तेव्हा तिने कामाच्या पेटीतला हातआरसा काढला. नट्यांना मागचा अंबाडा दाखवायचा तो. त्यात ती स्वतःची टाच न्याहाळायची, आणि चंद्रप्रकाश बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचा, लेथवरचा सुटा भाग पुसावा इतक्या निगुतीने.

श्रावण सरता सरता ती कामावर परतली. पायात मऊ रबराच्या जाड तळव्याच्या पट्ट्यांच्या चपला. आल्या आल्या तिने एक उंच स्टूल मागितलं. प्रॉडक्शन मॅनेजरला वाटलं कुणा पाहुण्यासाठी. ती त्यावर बसून अंबाडा घालू लागली, तशी युनिटची थोडी निराशाच झाली. ज्यांनी कधी तिला पाणी विचारलं नव्हतं ते हळहळले, "ताई, आता पहिल्यासारखं राहिलं नाही." शेवंतीने तोंडातली पिन काढून सांगितलं, "नाही राहिलं. आणि मी सपाता घ्यायला लावलेला तो लाइटमन कुठेय? त्याला शुगर आहे ना? बोलव त्याला."

गणपतीत सगळे मुलुंडला भाऊंकडे जमले. भाऊ म्हणजे चंद्रप्रकाशचे थोरले बंधू. महापालिकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातच कडक प्रशासन चालवलं होतं. शेवंतीने बाहेरच्या चपला दारात काढल्या, पिशवीतून घरात घालायच्या, रस्त्यावर कधीच न वापरलेल्या चपला काढून घातल्या आणि ती आत आली. हॉलमधल्या सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांकडे गेल्या.

"शेवंती, गणपतीसमोर चपला?" भाऊ म्हणाले. "आमच्या घराण्यात असा कधी कोणी केला नाय."

"घराण्यात नऊ बोटांचा पण कोण नव्हता," चंद्रप्रकाश म्हणाला. "आता आसा."

थोरल्या भावाला त्याने असं उत्तर आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं. भाऊंनी गणपतीकडे पाहिलं, गणपतीने काही मत दिलं नाही. शेवटी हॉलच्या उंबऱ्याशी एक खुर्ची ठेवण्यात आली. शेवंतीने तिथूनच हात जोडले आणि आरतीच्या टाळ्या वाजवल्या. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. फुलं वाहायला तिने श्रुतिकाला पुढे केलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली.

थोड्या वेळाने भाऊंची बायको रत्नप्रभा आत आली. तिने दार अर्धवट लोटून घेतलं.

"तुझं पहिल्यांदा कसं सुरू झालं गं?" तिने हळूच विचारलं.

"का वहिनी?"

"माझे तळवे रात्री आग आग होतात. चादरसुद्धा सहन होत नाही. यांना काही सांगितलं नाही, उगाच कशाला. आणि परवा विळीला पाय लागला, तर रक्त दिसलं तेव्हा कळलं."

"शुगर?"

रत्नप्रभाने मान डोलावली. बरीच वर्षं होती.

"आग होते ना? म्हणजे वॉचमन अजून नोकरीवर आहे," शेवंती म्हणाली. रत्नप्रभाला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने मुकाट्याने पाय वर घेतला. शेवंतीने तो मांडीवर ओढला. तिने हाक मारून बोलावलेली श्रुतिका मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली. जखम छोटी होती, कडा जरा लाल. "डॉक्टरकडे गौरी-विसर्जनानंतर जाऊ," रत्नप्रभा म्हणाली.

"गौरी येतील, जेवतील, जातील. आपण उद्या सकाळी जायचं. श्रुतिका, लाव गं फोन."

बाहेरून भाऊंचा आवाज आला. पाहुणे खोळंबले होते, चहाचं काय झालं? दोनदा हाक मारून भाऊ स्वतःच दारात आले आणि त्यांनी पाहिलं: बायकोचा पाय भावजयीच्या मांडीवर, पुतणी फोनवर वेळ ठरवतेय.

"काय झाला?" त्यांनी विचारलं. आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता.

"काही नाही हो," रत्नप्रभा सवयीने म्हणाली.

"वहिनी," शेवंती म्हणाली, "खरं काय ते सांगा."

रत्नप्रभाने सांगितलं. भाऊ ऐकत उभे राहिले. मग त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, फळीवरच्या डब्यांकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि शेवटी कुणाकडेही न बघता, चहाची पावडर यातल्या कुठल्या डब्यात असते, ते विचारलं.